बार्बेक्यू घ्यायचाय: गॅसचा की कोळशाचा? आधी जागा बघा, मग मशीन

थंडी सुरू झाली की दरवर्षी तेच चालू होतं. कोणीतरी सेलमध्ये बार्बेक्यू घेतं, दोनदा वापरतं आणि मग तो माळ्यावर जातो. कारण विचारलं तर धूर फार झाला, शेजारी ओरडले, चिकन वरून करपलं आतून कच्चं राहिलं, नाहीतर सिलिंडरच बसला नाही. बहुतेक वेळा मशीनमध्ये काही खोट नसते, निवडतानाचा क्रम उलटा झालेला असतो. लोक आधी "कोळशाचीच चव भारी" असं ठरवून मोकळे होतात, मग मशीन घेतात, आणि ते पेटवायचं कुठे हा प्रश्न घरी आल्यावर पडतो. म्हणून खाली दिलंय त्याच क्रमाने जा, मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. आधी जागा ठरवा

घरातून टेप घेऊन जिथे बार्बेक्यू ठेवणार तिथे जा आणि खरंच मोजा. वर काय आहे, बाजूला काय आहे, वारा कुठून येतो, धूर कोणाच्या खिडकीत जाणार, हे सगळं उभं राहून बघा. भिंत, वाळत घातलेले कपडे, प्लॅस्टिकची ताडपत्री, शेड नेट, बांबूचा पडदा यापासून चारही बाजूंनी निदान एक मीटर मोकळं पाहिजे आणि वर छत नको.

– स्वतःचं अंगण, फार्महाऊस, गावाकडचं घर: दोन्ही चालतं, पुढच्या पायऱ्यांवर ठरवा.
– सोसायटीची गच्ची: गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे सेक्रेटरीला आधी विचारा, जमलं तर लेखी घ्या. कोळसा पेटताना पहिली वीस मिनिटं धूर होतोच, आणि वरच्या मजल्यावर कोणाला दम्याचा त्रास असेल तर एका पार्टीपायी वर्षभराचं भांडण होतं.
– उघडी बाल्कनी: कोळसा नाहीच. ठिणगी खालच्या मजल्यावर उडते. गॅसही मी सांगणार नाही, कारण वर दुसऱ्याची बाल्कनी म्हणजे छतच असतं.
– ग्रील लावून, काचा सरकवून बंद केलेली बाल्कनी: दोन्ही नाही. इथे इलेक्ट्रिक ग्रील घ्या. तो १५०० ते २००० वॅटचा असतो, म्हणून ६ अँपियरच्या साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला लावू नका, गीझरसाठी असतो तसा १६ अँपियरचा पॉइंट लागतो.

अमेरिकेत, युरोपात अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी भाडेकरार उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी बाल्कनीत उघड्या ज्वाळेवर बंदी असते आणि तिथे हा नियम कागदावर राहत नाही.

⚠️ इशारा: पेटलेला कोळसा कार्बन मोनॉक्साईड सोडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. धूर थांबला म्हणजे धोका संपला असं नसतं, उलट लालबुंद निखाऱ्यांचा धूर दिसत नाही पण हा वायू निघतच असतो. पाऊस आला म्हणून शेगडी हॉलमध्ये ओढणं किंवा थंडी वाजते म्हणून तंबूत, खोलीत निखारे ठेवून झोपणं, यात माणसं झोपेतच जातात. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही.

२. किती वेळा आणि किती जणांसाठी, हे खरं खरं सांगा

इथे हौसेत उत्तर देऊ नका. दर शनिवारी करणार असं सगळेच म्हणतात.

महिन्यातून दोन-तीन वेळा, घरच्याच चार जणांसाठी, ऑफिसातून आल्यावर तासाभरात जेवण हवं असेल तर गॅस घ्या. पेटवून पंधरा मिनिटांत जाळी तापते, आणि जेवल्यावर राख काढायची नसते. दोन-तीन महिन्यांतून एकदा आठ-दहा जणं जमणार, दुपारपासून तयारी, गप्पा, शेगडीभोवती बसणं हाच कार्यक्रम असेल तर कोळसा. कोळशाला पेटवण्यापासून राख थंड होईपर्यंत अख्खी संध्याकाळ लागते आणि एक माणूस पूर्णवेळ शेगडीपाशी अडकतो. तो माणूस कोण हे आधी ठरलेलं असू द्या, नाहीतर यजमानच उपाशी राहतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते जी कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसते: निम्मी मंडळी शाकाहारी. छोट्या कोळशाच्या शेगडीवर एकच जाळी असते, त्यामुळे पनीर, मका, बटाटे सगळं आधी उरकायचं आणि मग चिकन-मासे, असा क्रम लावावा लागतो. तीन बर्नरच्या गॅस ग्रीलला जाळ्या वेगवेगळ्या असतात, तिथे एक बाजू शेवटपर्यंत शाकाहारी ठेवता येते. चिमटे आणि ब्रश मात्र दोन्हीकडे वेगळेच ठेवा. घरात कडक शाकाहारी सासू-सासरे, आजी असतील तर हा मुद्दा चवीच्या वादापेक्षा मोठा आहे.

३. चवीचा प्रश्न आत्ता काढा, आधी नाही

कोळसा नीट फुलला की त्याचा स्वतःचा धूर जवळपास नसतोच. भाजल्याची जी खमंग चव आपण म्हणतो तिचा मोठा भाग चरबी, रस आणि मसाल्याचं तेल निखाऱ्यावर टपकून जो धूर वर येतो त्यातून येतो. गॅस ग्रीलमध्ये बर्नरवर लोखंडी पट्ट्या असतात, रस त्या तापलेल्या पट्ट्यांवर पडून तिथेही असाच धूर होतो. म्हणून आठ-दहा मिनिटांत होणाऱ्या पनीर, कोलंबी, भाज्यांमध्ये फरक थोडाच पडतो. फरक कळतो तो तंगडी, मटणाच्या चापा, अख्खा मासा यात, कारण निखाऱ्याची धग कोरडी आणि जबरदस्त असते.

गॅस घेतला आणि धुराची चव हवी असेल तर आपल्या स्वयंपाकघरातली धुरी आहेच. भाजलेले तुकडे पातेल्यात घ्या, मध्ये छोटी स्टीलची वाटी ठेवा, त्यात एक लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, लगेच घट्ट झाकण, चार-पाच मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर कडवट होतं. नुसत्या चवीसाठी कोळशाचा बार्बेक्यू घ्यायचा विचार असेल तर आधी हे एकदा करून बघा.

वांग्याच्या भरतासाठी मात्र कोळसाच. वांगं थेट निखाऱ्यात खुपसून साल कोळसा होईपर्यंत भाजलं की आतला गर जो होतो तो गॅसवर होत नाही, यावर माझं मत बदलणार नाही.

४. इंधन कुठून आणणार ते पक्कं करा

मशीनचे पैसे देण्याआधी ही पायरी पूर्ण झाली पाहिजे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

*कोळसा घेताना*

हवा आहे तो लाकडी कोळसा, ज्याला लोणारी कोळसा म्हणतात. दुकानात नुसतं "कोळसा द्या" म्हटलं तर काही ठिकाणी दगडी कोळसा हातात देतात. तो जड, चकचकीत असतो, पेटल्यावर गंधकाचा उग्र वास येतो आणि त्यावर अन्न भाजायचं नसतं. तुमच्या भागातला इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरत असेल तर वखार कुठे आहे हे त्याला विचारा.

एक तुकडा हातात घेऊन दुसऱ्यावर आपटून बघा. चांगला कोळसा टणटण वाजतो, मोडला तर आतून काळा आणि थोडा चमकणारा दिसतो. भद्द आवाज आला तर दमट आहे. आत तपकिरी लाकूड दिसलं तर अर्धवट जळलाय, तो धूर करून करून डोळ्यांतून पाणी काढेल. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा घ्या, जास्त वेळ टिकतो. पोत्याच्या तळाचा चुरा शेगडीत टाकू नका, त्याने हवा अडते आणि निखारे गुदमरतात.

ब्रिकेट म्हणजे साच्यात दाबलेल्या वड्या, त्या एकसारख्या आणि जास्त वेळ जळतात, पण पेटायला वेळ घेतात आणि राख जास्त होते. नारळाच्या करवंटीच्या वड्या मिळाल्या तर जरूर घ्या. पाच-सहा जणांना दोन किलो कोळसा धरा आणि एक किलो जास्तीचा जवळ ठेवा.

*गॅस घेताना*

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर किंवा माहितीपत्रकात दिसल्याशिवाय पैसे देऊ नका:

– हा ग्रील एलपीजीचा आहे की पाइप गॅसचा? दोन्हीचं जेट, म्हणजे गॅस बर्नरमध्ये सोडणारं बारीक भोक, वेगळं असतं. एलपीजीचा ग्रील पाइप गॅसला जोडला तर ज्योत मिणमिणते. पाइप गॅसचा ग्रील सिलिंडरला जोडला तर भडका उडतो. बदल करायचा तर जाणकार मेकॅनिककडूनच, आणि घरातल्या पाइपलाइनला स्वतः टी मारून जोड काढायचा नाही.
– आपल्या घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर चालतो का? बाहेरून मागवलेल्या ग्रीलसोबत आलेला रेग्युलेटर इथल्या सिलिंडरवर बसत नाही. मग लोक भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावतात, ते तर मुळीच करू नका.
– सगळे बर्नर मिळून किती किलोवॅट? ९ किलोवॅटचा ग्रील पूर्ण आचेवर तासाला साधारण ७०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे ५ किलोचा सिलिंडर सात तासांच्या आसपास चालतो. घरचा १४.२ किलोचा असेल तर प्रश्नच नाही, फक्त पार्टीसाठी तो काढून नेला की घरात दुसरा भरलेला आहे ना हे बघा.

⚠️ इशारा: रस्त्याकडेच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्या टाकीत गॅस भरून मिळतो. तो बेकायदेशीर तर आहेच, पण त्या टाक्यांची तपासणी कधी झाली हे कोणालाच माहीत नसतं. छोटा हवा असेल तर गॅस कंपनीचा अधिकृत ५ किलोचा घ्या.

५. आता मशीन

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. कोळशाच्या शेगडीला तीन गोष्टी हव्यात: झाकण, खालून हवा येण्याची उघडझाप करता येणारी भोकं, आणि जाळी व निखारे यांच्यात निदान १०-१२ सेंटिमीटर अंतर. ऑनलाइन मिळणाऱ्या घडीच्या उथळ पेट्यांमध्ये जाळी निखाऱ्यांना जवळजवळ टेकते, त्यावर पापड भाजून होईल, चिकन होणार नाही. पत्रा बोटाने दाबून बघा, आत गेला तर दुसऱ्या सीझनला तळ गळणार.

गॅसमध्ये निदान दोन बर्नर हवेत. एकच बर्नर असेल तर सगळीकडे सारखीच आच, मंद बाजू करताच येत नाही. झाकण हवं, तेल गळायचा ट्रे बाहेर निघणारा हवा. झाकणावरच्या थर्मामीटरवर फार भरवसा ठेवू नका, तो वरच्या हवेचं तापमान सांगतो, जाळीचं नाही.

✅ तपासणी: जागा, माणसं, पदार्थ, इंधन, या चारही गोष्टींचं उत्तर एकाच बाजूला झुकत नसेल तर जागेचं उत्तर अंतिम माना.

६. कोळसा पेटवायचा क्रम

१) बादलीभर पाणी आणि बादलीभर वाळू आधी शेजारी. नायलॉनचे कपडे, ओढणी, सैल बाह्या नकोत. तुकडे ओवायला लाकडी काड्या वापरणार असाल तर त्या अर्धा तास पाण्यात भिजत घाला.

२) खालची भोकं पूर्ण उघडा. मागच्या वेळची राख काढलेली असली पाहिजे.

३) चिमणी स्टार्टर, म्हणजे तळाला जाळी असलेला पत्र्याचा उभा डबा, असेल तर खाली तेल लावलेल्या कागदाचा बोळा आणि वर कोळसा. नसेल तर दोन-तीन नारळाच्या करवंट्या, त्यात कापराच्या वड्या, आणि भोवती कोळशाचा उभा ढीग. पसरून पेटवू नका, ढीग एकमेकांना पेटवत जातो.

४) थांबा. पहिला धूर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा असतो. मग बारीक कडकड ऐकू येते, वरच्या तुकड्यांच्या कडा राखाडी होतात, फटींतून लाल दिसायला लागतं आणि धूर पातळ होत होत थांबतो. चिमणीत याला २० ते २५ मिनिटं लागतात, ढिगात अर्धा-पाऊण तास. सगळ्यावर राखेची पांढुरकी साय आल्याशिवाय एकही तुकडा जाळीवर ठेवायचा नाही. पाहुणे कितीही घाई करोत.

५) निखारे पसरताना एका बाजूला दोन-तृतीयांश, दुसऱ्या बाजूला अगदी थोडे किंवा काहीच नाही. ही एक गोष्ट पाळली तर "वरून करपलं आतून कच्चं" हे निम्मं तिथेच मिटतं.

६) जाळी ठेवून पाच मिनिटं तापू द्या, ब्रशने घासा, मग अर्धा कांदा तेलात बुडवून काट्याने जाळीवर फिरवा.

७) तळहात जाळीच्या वर चार-पाच इंचांवर धरा. दोन ते चार सेकंदांत हात काढावा लागला तर आच मोठी, पाच ते सात सेकंद तग धरला तर मध्यम.

⚠️ इशारा: रॉकेल, पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही नाही. कोळसा विझल्यासारखा वाटतो म्हणून वरून बाटलीतून ओतलं की ज्वाळ धारेवरून थेट बाटलीत येते. सॅनिटायझरची ज्वाळ तर उन्हात दिसतही नाही. नीट पेटत नसेल तर खालून हवा मिळत नाहीये, पुठ्ठ्याने वारा घाला.

७. गॅस पेटवायचा क्रम

१) सिलिंडर उभा, सपाट जमिनीवर, ग्रीलच्या खाली नाही तर बाजूला. आडवा कधीच नाही, शेवटचा गॅस काढायलाही नाही. पाइप आयएसआय मार्कचा, त्यावर छापलेली मुदत बघा आणि तो ग्रीलच्या गरम अंगाला टेकत नाही ना तेही बघा.

२) ग्रीलची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि साबणाचं पाणी ब्रशने रेग्युलेटरच्या तोंडाशी, पाइपच्या दोन्ही टोकांना लावा. गळती असेल तर बारीक बुडबुडे एका जागी फुगत राहतात. काडी ओढून गळती बघणारे अजून आहेत, तसं करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून स्टिल्ट पार्किंग, तळघर, गटाराचं झाकण यांच्याजवळ ग्रील लावायचा नाही.

३) झाकण उघडं ठेवूनच पेटवा. एक बर्नर, एक बटण. चार-पाच सेकंदांत पेटला नाही तर बंद करा आणि झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा. बटण चालू ठेवून लायटर शोधत बसणं, इथेच भुवया जळतात.

४) ज्योत निळी हवी. पिवळी, धूसर असेल तर बर्नरची नळी चोंदलीय, बऱ्याचदा आत कोळ्याचं जाळं किंवा किड्यांचं घर असतं.

५) सगळे बर्नर पूर्ण आचेवर, झाकण बंद, १० ते १५ मिनिटं. मग जाळी घासा, कांद्याने तेल फिरवा, आणि एक बर्नर बंद किंवा अगदी मंद करा. तीच तुमची मंद बाजू.

८. भाजताना

इथून पुढे गॅस काय, कोळसा काय, चुका त्याच होतात.

मॅरिनेशन दह्याचं असेल तर तुकडा जाळीवर ठेवण्याआधी जास्तीचं निथळू द्या. जाड थर मांसाच्या आधी करपतो आणि खाली टपकून भडके उडतात. भडका उडाला की तुकडे मंद बाजूला सरकवा आणि झाकण लावा, पाणी मारू नका, राख उडून सगळी वर बसते. मध, गूळ, साखर, सॉस असलेलं काहीही शेवटच्या तीन-चार मिनिटांत लावायचं.

हाडासकट तंगडी: मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, रंग आला की मंद बाजूला, झाकण लावून २० ते २५ मिनिटं. तपासायला खुपसायचा थर्मामीटर घ्याच, ही चैन नाही. हाडाजवळ, हाडाला न टेकवता ७४ अंश सेल्सिअस झालं की चिकन झालं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा हाडापर्यंत कापून बघा, गुलाबी दिसला तर परत आत.

बांगडा, पापलेट अख्खे असतील तर आधी कापडाने पूर्ण कोरडे करा, चिरा द्या, तेल लावा आणि ठेवल्यावर चार-पाच मिनिटं हात लावू नका. जाळीला चिकटलाय म्हणजे अजून भाजला नाहीये, भाजला की स्वतःच सुटतो. सुरमईचे तुकडे मात्र दुहेरी जाळीत धरूनच. पनीर जास्त वेळ ठेवलं की रबर होतं, मोठ्या आचेवर सगळ्या बाजूंनी मिळून सहा-आठ मिनिटं पुरे. सिमला मिरची, कांदा आणि चिकन एकाच सळईत ओवू नका, तिघांना लागणारा वेळ वेगळा आहे.

⚠️ इशारा: कच्च्या चिकनचं ताट आणि भाजलेल्याचं ताट वेगळं. उरलेलं मॅरिनेशन भाजलेल्यावर ओतायचं नाही, पाहिजेच असेल तर खळखळून उकळून घ्या. गच्चीवर अंधार असतो, म्हणून ताटं आधीच वेगळ्या रंगांची ठेवा.

९. विझवणं आणि ठेवणं

कोळसा: जेवण झाल्यावर झाकण आणि सगळी भोकं बंद करा, हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. तापलेल्या शेगडीत पाणी ओतलं तर वाफेने हात भाजतो आणि पत्रा वाकतो. राख वरून गार दिसली तरी आत विस्तव दुसऱ्या दिवशीही असू शकतो, म्हणून दोन दिवस झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा आणि मगच कचऱ्यात टाका. प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठ्याचं खोकं, सोसायटीची कचरापेटी यात त्याच रात्री टाकायची नाही. साध्या लाकडी कोळशाची राख झाडांना मूठभर चालते, ब्रिकेटची घालू नका.

गॅस: जाळी गरम असतानाच ब्रश मारा, मग आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आणि नंतर बर्नर, म्हणजे पाइपमधला गॅस जळून जातो. तेलाचा ट्रे प्रत्येक वेळी रिकामा करा, पुढच्या वेळचा मोठा भडका त्यातूनच येतो. तारेचा ब्रश वापरत असाल तर जाळी ओल्या फडक्याने पुसा, तुटलेली तार अन्नात जाते.

पावसाळ्याआधी जाळ्या धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळा. उरलेला कोळसा झाकणाच्या पिंपात भरा, पोत्यात राहिला तर दमट होतो आणि पेटवताना तडतडून ठिणग्या उडवतो. गॅस ग्रीलचा पाइप काढून ठेवा, बर्नरच्या तोंडांना कापड बांधा, आणि दिवाळीनंतर बाहेर काढाल तेव्हा ते कापड सोडायचं लक्षात राहावं म्हणून पेटवायच्या बटणावर चिठ्ठी चिकटवून ठेवा. साबणाच्या पाण्याची तपासणी त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.